डोलिनाची जागा

उन्हाळा लागला की माझ्या सुतारखान्याच्या दारात गाड्या थांबतात आणि बायका उतरून विचारतात, "रॉरीची कबर कुठे आहे हो?" रॉरी नावाचा माणूस आमच्या दरीत ना कधी जन्मला, ना मेला. साठ वर्षं इथल्या मेलेल्यांच्या पेट्या मी केल्या. मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? पण सांगून उपयोग नाही. त्यांच्या हातात रॉरीच्या गोष्टीचं ते पुस्तक असतं. मुखपृष्ठावर आमच्या डनारी किल्ल्याचा बुरूज, बुरुजाच्या खिडकीतून लोंबणारी लाल शाल. मी हात करून रस्त्याकडेचं नवं कबरस्तान दाखवतो आणि आत येऊन रंधा हातात घेतो.

गोष्ट मुळात डोलिनाची. ती तीन वर्षांपूर्वी गेली. पेटी खाली सोडायला आमच्याकडे आठ दोऱ्या लागतात, आणि तिच्या वेळी आठ माणसं जमवताना माझी दमछाक झाली. दोघांना तर मी हॉटेलातून उठवून आणलं. तेव्हापासून मला हे सगळं सलतंय. जिवंतपणी बोलायला हवं होतं, ते धैर्य झालं नाही. आता बोलतोय, तर ऐका.

डोलिना माझ्या वर्गात होती. उंच, हाडापेरानं मोठी, आणि तोंडानं अशी फटकळ की मास्तरसुद्धा तिला प्रश्न विचारायला कचरायचे. पंधराव्या वर्षी ती किल्ल्यावर कपडे धुवायला लागली. जहागीरदाराकडे शिकारीला पाहुणे यायचे, त्यांच्या चादरी, टेबलावरची कापडं, चिखलानं बरबटलेले मोजे. बारा महिने तिचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. हेक्टर मॅकास्किल तिथेच कामाला होता. पाहुण्यांना डोंगरावर न्यायचं, पोटावर सरपटत हरणाच्या टप्प्यात पोचवायचं आणि बंदूक त्यांच्या हातात द्यायची, हे त्याचं काम. दिसायला राजबिंडा, बोलायला मधाळ. दोघांचं जमलं ते दुर्बिणीवर. हेक्टर डोंगरावरून हरणं शोधायचा, तशी मधूनच दुर्बीण खाली वळवून किल्ल्यामागची कपड्यांची दोरी बघायचा. पांढऱ्या चादरींमध्ये पेले पुसायचं निळ्या चौकडीचं एक फडकं असलं, की संध्याकाळी डोलिना पुलावर येणार. साऱ्या दरीला ठाऊक होतं. धुण्याला पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्या पेगीनं तर एकदा मुद्दाम चार फडकी टांगली आणि हेक्टर भरदुपारी धापा टाकत खाली आला. केवढे हसलो होतो आम्ही.

बासष्ट साली लग्न झालं. त्यांना डोंगराच्या पायथ्याचं घर मिळालं. चौसष्टच्या मे महिन्यात मुलगा झाला, कॅलम.

तो गेला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. पाच महिन्यांचं पोर. सकाळी अंग तापलं, दहाच्या सुमाराला आकडी आली. घरात फोन नाही. किल्ल्यावर फोन होता, डोलिना पोराला कवटाळून तिथवर धावली, तर डॉक्टर चौदा मैलांवर दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणाला गेलेला. गाडी एकच, ती हेक्टरकडे, डोंगराच्या तोंडाशी उभी. स्वयंपाकीण म्हणाली, अगं तुमचं ते फडकं! डोलिनानं दोरीवर एक नाही, होती नव्हती तेवढी सगळी निळी फडकी टांगली. अकरा वाजले होते. हेक्टर खाली आला तीन वाजता. पोर एक वाजताच गेलं होतं.

दरीत सगळे म्हणाले, बिचाऱ्याला दिसलं नसणार, डोंगरावर धुकं होतं. डोलिनाही काही बोलली नाही. पण पेटीचं सांगायला हेक्टर माझ्याकडे आला होता. मी माप विचारलं, त्यानं दोन्ही हात असे अंतरावर धरून दाखवले, आणि ते हात तसेच धरून बोलत सुटला.

"धुकं नव्हतं रे मर्डो. दिसलं मला. अकरालाच दिसलं."

"मग?"

"ग्लासगोचा जहाजवाला होता बरोबर. तीन तास सरपटत होतो. बारा टोकांच्या शिंगांचं हरीण. म्हटलं, हिचं काहीतरी असेल, अर्ध्या तासात जातोच. मग ते हरीण उठून पलीकडे गेलं..."

"गोळी लागली?"

"लागली."

एवढंच. मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या धंद्यात ऐकलेलं पेटीबरोबर पुरायचं असतं, असं माझा बाप म्हणायचा. पोराला डोलिनाच्या बापाच्या कबरीत ठेवलं, चर्चमागच्या जुन्या कबरस्तानात. त्या जागेचा कागद डोलिनाच्या नावावर होता. ती एकुलती एक. तिथे एकावर एक तीन पेट्या मावतात. तळाला बाप होता, पुढे सत्तर साली आई गेली ती त्यावर. कॅलमची पेटी कोपऱ्यात बसली, तेवढी आम्ही मोजत नाही. म्हणजे उरली एक जागा. ती कुणाची, हे डोलिनानं त्याच दिवशी ठरवलं होतं. पुढे त्यांना मूल झालं नाही.

एकोणऐंशी साली त्या पुस्तकाची लेखिका आली. ऑड्री विनफर्ड, इंग्लंडची, गोरीपान, मांजरीच्या पावलांची. किल्ल्यावर तिला कुणी ठेवून घेतलं नाही, म्हणून डोलिनाच्या मागच्या खोलीत सहा आठवडे राहिली. डोलिना दुपारी इस्त्री करायची आणि ही समोर स्टुलावर बसून चहा पीत विचारायची, मग काय झालं? मग काय झालं? डोलिनाला आयुष्यात कुणी मग काय झालं असं विचारलंच नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच. सांगितलं तिनं. फडकं सांगितलं, पूल सांगितला, कॅलम सांगितला. अकरा वाजताचं आणि तीन वाजताचंही सांगितलं. फार तर काय होईल, ती तर परकी, परत जाईल, असं वाटलं असणार.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. आयत्या पिठावर रेघोट्या! फडक्याची झाली लाल रेशमी शाल, दोरीचा झाला बुरूज, आणि कपडे धुणाऱ्या डोलिनाची झाली किल्ल्याची मालकीण, नाजूक कमरेची, नवरा दूर देशी असलेली. रॉरी तेवढा हेक्टरच राहिला, तोच राजबिंडा. आणि त्या मालकिणीचं पोर आजारी पडतं, ती शाल टांगते, तेव्हा रॉरी काय करतो? हातातली बंदूक दरीत भिरकावतो आणि तीन मैल उतार धावत येतो. पोर त्याच्या मांडीवर प्राण सोडतं. बायका तिथे रडतात. शेवटी रॉरी मरतो, मालकीण त्याच्या पेटीची उशाकडची दोरी धरते आणि त्याला पोराजवळ ठेवतात. हो, आणि कपडे धुणारी एक बाई आहे पुस्तकात. मोराग. जाडी, चहाटळ, इकडचं तिकडे करणारी. वाचक हसतात तिला.

डोलिनानं तिला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, ते मला दाखवलं. गोड शब्दांत लिहिलं होतं की तो वेळेवर आला नाही हे वाचकांना सोसलं नसतं.

"आणि मला सोसलं ते?" डोलिना म्हणाली. पत्राची घडी घातली आणि चुलीत टाकलं.

हेक्टरला मात्र सगळ्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. डोंगरावरचं काम सुटल्यावर किल्ल्यानं त्याला आमच्याकडच्या पुरुषांचा चौकडीचा घागरा-बिगरा घालून दरवाजात उभं केलं. पाहुण्या बायका यायच्या, त्याच्या दंडाला धरून फोटो काढायच्या, पुस्तकावर सही मागायच्या. तो 'रॉरी' अशी सही करायचा. पहिल्यांदा लाजायचा. मग गंमत म्हणून. मग एक दिवस मी बुरुजाची खिडकी दुरुस्त करत होतो, तेव्हा खाली तो सांगत होता, "बंदूक तिथे टाकली मी, त्या खडकाजवळ, आणि धावत सुटलो." त्यानं वर बघितलं. मी दिसलो. तरी पुढे सांगतच राहिला. मला वाटतं, तेव्हा त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. माणसाला आपली लाज झाकायला कुणी मखमल दिली, तर तो ती अंगावरून काढतो होय!

मिस विनफर्ड दर उन्हाळ्यात यायची. किल्ल्यावर उतरायची आता. हेक्टरच्या हातात हात घालून बागेत फिरायची. तसलं काही नव्हतं हो त्यांच्यात, असतं तर डोलिनाला निदान भांडता तरी आलं असतं.

दोन हजार दहाच्या शेवटी हेक्टरच्या फुप्फुसात काहीतरी निघालं. जानेवारीत तो माझ्याकडे आला, खिशातून कागद काढला. दोऱ्यांची यादी. आमच्याकडे ही यादी म्हणजे माणसाचा शेवटचा शब्द. एक नंबर उशाची दोरी, ती सगळ्यात जवळच्या माणसाची. दोन नंबर पायथ्याची. मग दोन्ही अंगांना तीन तीन. मी प्रत्येकाला पत्रिका पाठवतो, वर पेटीचं चित्र आणि त्याचा नंबर. नंबरावरून भावाभावांची तोंडं वीस वीस वर्षं बंद झालेली मी बघितली आहेत.

एक नंबरला लिहिलं होतं ऑड्री विनफर्ड. दोनला जहागीरदार. डोलिनाचं नाव आठातही नव्हतं. खाली लिहिलं होतं, जागा, जुनं कबरस्तान, मुलाजवळ.

"हेक्टर, अरे बायको?"

"आपल्याकडे बायका कुठे दोरी धरतात? ती घरी चहापाण्याचं बघेल. तिला नाहीतरी गर्दी आवडत नाही."

"आणि जागा? ती तर डोलिनाची आहे."

"पोर माझंही होतं, मर्डो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि लोक येणार, बघणार. त्यांना काय सांगायचं?"

तेव्हाच तो कागद त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता. पण मरणाऱ्या माणसाची यादी नाकारायची नसते, ही आमची रीत. मी खणात ठेवला. डोलिनाला कळवलं नाही. ही माझी पहिली चूक.

मार्चमध्ये तो गेला. दुसऱ्या दिवशी डोलिना सुतारखान्यात आली. जुनी कबर उघडायची तर जागेच्या मालकाची सही लागते, त्यासाठी मीच निरोप धाडला होता. काळा कोट, हातात पाकीट.

"कागद आणलायस?" मी विचारलं.

"आणलाय. आधी दोऱ्या दाखव."

"बस तरी, डोलिना."

"बसायला नाही आले मी. दाखव."

दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला.

"एक नंबर ही?"

"त्यानं स्वतः लिहिलंय गं."

"अक्षर ओळखते मी. एकोणपन्नास वर्षं त्याच्या चिठ्ठ्या वाचल्यात. माझं नाव कुठाय?"

"तो म्हणाला, आपल्याकडे बायका दोरी धरत नाहीत."

"आणि ही काय बाप्या आहे?"

मी भुशात पायानं रेघा ओढत राहिलो. तिनं चष्मा काढला, पुसला, परत पिशवीत ठेवला. तिचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं मला.

"दोरी दे तिला," ती म्हणाली. "तिनंच त्याला घडवलाय, तिनंच खाली सोडू दे. मला त्या दोरीचं काही नाही. पण माझ्या बापाच्या कबरीत नाही. मी सही करणार नाही."

"डोलिना, पोराजवळ जायचं होतं त्याला."

"पोराजवळ? अकरा वाजता बोलावलं होतं मी त्याला पोराजवळ."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं. "त्याला दिसलं होतं ते?"

"आंधळी आहे का मी? गाडीत हरीण घालून आला होता तो. धुक्यात कुणी हरीण मारतं का?" ती पेट्यांच्या फळ्यांकडे बघत बोलत होती. "वाटलं होतं, कधीतरी सांगेल. एकदा म्हणाला असता ना, डोलिना, चुकलं माझं, तर पत्रिका काय, माझ्या हातानं खाली नेऊन ठेवला असता मी त्याला. नाही म्हणाला. त्या बायकांना सांगत सुटला, मी धावलो, मी धावलो. एक जागा उरलीय तिथे, मला मोजता येतं. हा तिथे गेला तर मी कुठे जाऊ? त्या रस्त्याकडेला, मोटारींच्या धुरात? सत्तेचाळीस वर्षं माझं पोर तिथे एकटं आहे, आणि आता हा माझ्या आधी जाऊन पसरणार होय?"

"लोक काय म्हणतील गं?"

"लोक म्हणायचं ते म्हणतील. तू काय म्हणणार आहेस, ते सांग. माझ्याखेरीज दरीत ठाऊक असलेला आता तू एकटाच उरलायस."

मी म्हटलं, "बघू."

"हं," ती म्हणाली आणि पाकीट पिशवीत घालून निघून गेली.

हेक्टरला रस्त्याकडेच्या नव्या कबरस्तानात ठेवलं. दोनशे माणसं आली. कुठून कुठून बायका आल्या होत्या, खांद्यांवर लाल शाली. मी नंबर पुकारला, एक, आणि मिस विनफर्ड पुढे आली, ऐंशीच्या घरातली, काळे हातमोजे घालून. डोलिना मागे, भिंतीला टेकून उभी होती, तिसऱ्या रांगेत. दोरी शेवटपर्यंत धरायची असते, पेटी टेकली की मग सोडायची. हे आमच्या पोरासोरांना ठाऊक आहे. मिस विनफर्डनं अर्ध्यातच सोडली, रुमाल काढायला. उशाकडची बाजू दणकन खाली आपटली. बायकांना वाटलं, दुःखानं सुटली.

नंतर हॉटेलात चहा, सँडविच, व्हिस्की. डोलिना घरी गेली होती. तिच्या पाठीमागे अशी काही सुरुवात झाली म्हणता! दुकानवाली कर्स्टी म्हणाली, "काळीज आहे का दगड? बापाला पोराजवळ जाऊ दिलं नाही!" कुणी म्हणालं, जळत होती आयुष्यभर, दुसरं काय. पाद्रीसाहेबांनीसुद्धा मान हलवली. "तीन मैल धावला होता तो माणूस," कर्स्टी म्हणाली, "आणि ही!" कर्स्टी त्या साली पाळण्यात होती. मग ती माझ्याकडे वळली. "मर्डो, तू सांग. तू तर होतास तेव्हा. असं करायला हवं होतं का तिनं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नुकता पुरलेला माणूस, त्याच्या नावानं भरलेले पेले, दारात उभी मिस विनफर्ड. मी म्हणालो, "प्रत्येकाचं आपलं आपलं असतं." आणि ताटातलं सँडविच संपवलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण मला तर न जळताच सगळं कळलेलं होतं, मला कसली सबब?

त्यानंतर दुकानात डोलिनाशी कुणी नीट बोलेना. ती ब्रेड घ्यायची, दूध घ्यायची, निघायची.

जूनमध्ये किल्ल्याचा नवा व्यवस्थापक माझ्याकडे आला. शहरी, हसरा तरुण. म्हणाला, लोक पुस्तक घेऊन येतात, कबरीजवळ पोर नाही बघून हिरमुसतात. तेव्हा हेक्टरच्या शेजारी एक छोटा लाकडी क्रूस करून द्या. "कबर नाही म्हणत आम्ही, नुसती आठवण." नावही पुस्तकातलंच हवं होतं, फिन. नाही म्हणता आलं असतं. जन्मभर किल्ल्याच्या दारं-खिडक्यांवर जगलेल्या माणसाच्या तोंडाला 'नाही' ची सवय नसते. ओकचा केला, दोन फुटी. कडा गोल केल्या. अक्षरं चांगली आली.

ऑगस्टातल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर डोलिना रस्त्याकडेनं आली. मी तिथे गवताच्या कडेला होतो. क्रूसाभोवती खेळणी ठेवलेली, कापडी अस्वलं, लोकरीचे बाळमोजे, लाल रिबिनी. ती उभी राहिली. बराच वेळ वाचत होती, जणू दोन नव्हे, चाळीस अक्षरं आहेत.

"तू केलास?"

"हो."

"हात ओळखू येतो. कडा छान मारल्यायस." मग म्हणाली, "कॅलमची पेटीही अशीच गोल कडांची केली होतीस."

मला वाटलं, थोबाडीत मारावी हिनं माझ्या. काही बोलायला म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी थांबली, दोन बायका उतरल्या. एकीचे डोळे आधीच भरलेले. तिनं अस्वल ठेवलं, गुडघे टेकले, मैत्रिणीनं कॅमेरा काढला, आणि मग अगदी अदबीनं डोलिनाकडे बघून म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय."

डोलिना बाजूला झाली. सरळ चालत गेली, रस्ता ओलांडला, चर्चमागच्या जुन्या कबरस्तानाच्या फाटकातून आत.

ती बाई माझ्याकडे वळली. दोघींचा एकत्र हवाय, काढता का, म्हणाली. मी कॅमेरा घेतला. फोटो काढून दिला. क्रूस नीट आला होता.